आभाळ भरताना

नमस्कार मैत्रिणींनो, आणि सुई हातात धरणाऱ्या मित्रांनोसुद्धा.

फुलीटाक्याचा नमुना काढायला घेतला की पोपट चार दिवसांत होतो. जीव जातो तो त्याच्या मागचं आभाळ भरताना. एकच रंग, एकच टाका. इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर एका चौरस इंचात 196 फुल्या बसतात. पाच इंच बाय तीन इंच आभाळ म्हणजे जवळजवळ तीन हजार!

म्हणून आधी दहा-दहा घरांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने धावदोरा घालून चौकोन आखून घ्या. दहा-दहा घरांवर, बरं का. त्या दोऱ्यात सुई टोचू नका, नाहीतर शेवटी तो ओढून निघत नाही. मग एका बसणीला एकच चौकोन. जाताना ओळभर अर्ध्या फुल्या, येताना उरलेल्या. आणि टीव्हीवरच्या मालिका बघत भरू नका. डोळे तिकडे गेले की एक घर सुटतंच. भरतकामाला रेडिओच बरा, हे मी इथे बसले आहे म्हणून म्हणत नाही!

आमची आई आभाळ भरायची रॉकेलच्या रांगेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट, आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. डबा पायाशी, कापड हातात. मागे बहुतेक वेळा पोस्टातले एक काका असायचे, मूळचे धारवाडचे. एकदा ते हळूच म्हणाले, "वहिनी, तिसऱ्या ओळीत एक घर सुटलंय." आईने मोजलं, खरंच सुटलं होतं. तेव्हापासून काका दहा-दहा घरं मोजून द्यायचे, आई भरायची.

एके दिवशी शेवटचा कोपरा राहिला होता. रांग पुढे सरकली, तरी आई मागच्यांना म्हणते, "तुम्ही व्हा पुढे, माझी एवढी ओळ होऊ द्या." काका गेले, आणखी चौघं गेली. ओळ पुरी झाली आणि दुकानदार ओरडला, "रॉकेल संपलं!"

रिकामा डबा बघून बाबांनी विचारलं, "हे काय?" आईने कापड पुढे केलं, "कोपरा झाला!" रात्री आम्ही दहीपोहे खाल्ले.

सकाळी काका बाटलीभर रॉकेल घेऊन दारात. पण बाटली काही हातातून सोडेनात. "आधी कापड दाखवा." आईने कौतुकाने दाखवलं, तर त्यांनी ते चक्क उलटं केलं. बराच वेळ बघत राहिले.

"आमच्याकडे धारवाडला कसूतीच्या भरतकामात गाठ मारत नाहीत, वहिनी," म्हणाले. "इथे तीन आहेत."