कोपऱ्यातलं लाल मेण

[दृश्य: पेण. गणपतीचा कारखाना. फळ्यांवर रांगेने वाळत ठेवलेल्या, अजून न रंगवलेल्या मूर्ती.]

आमच्या घरी मूर्ती म्हटलं की गणपतीच. शाडू मळायची, साच्यात अंगठ्याने दाबायची, दोन भाग जोडून सांधा ओल्या ब्रशने पुसायचा. हे सगळं मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून येत होतं. डोळ्यांची आखणी मात्र फक्त काकांची. ते आखणीला बसले की कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. आजी म्हणायची, बुबुळ भरलं की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते.

पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकायला आलो. सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, समोर बसलेला माणूस. शिल्पकार म्हणजे माझ्यासाठी नानासाहेब करमरकर. सासवण्याला त्यांच्या घरी त्यांनी घडवलेली बसलेली म्हैस पाहिली, तेव्हा वाटलं, आता उठेल आणि शेपटी हलवेल. तसं करता आलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती.

[दृश्य: हार्बर लोकलच्या खिडकीतून वांद्रे. मेहबूब स्टुडिओचं फाटक.]

डिसेंबर २०१०. मेहबूब स्टुडिओत शिल्पकार अनिश कपूर यांचं प्रदर्शन लागलं होतं. कपूर यांचा जन्म मुंबईतला, १९५४चा. स्टुडिओही त्याच सालचा. त्यांचं एवढं मोठं काम भारतात पहिल्यांदाच आलं होतं, काही दिल्लीत, काही इथे.

आत गेलो तर समोर तोफ! खरीच, हवेच्या दाबावर चालणारी. तिच्या तोंडासमोर दोन पांढऱ्या भिंती जुळून झालेला कोपरा. एका माणसाने लाल मेणाचा गोळा उचलला. असेल दहाएक किलोचा. नळीत सरकवला. सगळे गप्प झाले.

[आवाज: तोफेचा बार. मग शांतता.]

मेण भिंतीवर आदळलं, फुटलं, आणि हळूहळू खाली घसरायला लागलं. माझ्या मनात एकच प्रश्न होता, शिल्प कुठंय? ना चेहरा, ना हात. शिल्पकारसुद्धा तिथे नाही.

निघालो होतो, पण पाय दारापासून परत फिरले. पुढचा गोळा पाहिला. मग त्याच्या पुढचाही. तिसऱ्या वेळी मी तोफेकडे पाहिलंच नाही, कोपऱ्याकडे पाहत राहिलो. जुन्या थरावर नवा थर बसत होता आणि त्या ढिगाला कोपऱ्याचाच आकार येत होता. म्हणजे कोपरा हाच साचा! साचा तर मला कळत होता. साच्यांतच मी वाढलो होतो.

आणि तो लाल रंग. पालीला बल्लाळेश्वराच्या देवळामागे धुंडीविनायक आहे. स्वयंभू. कुणी घडवलेला नाही. लहानपणापासून मी त्याला हात जोडत आलोय. तिथे मला कधी प्रश्न पडला नव्हता, की शिल्पकार कोण.

नंतर वाचनालयात कळलं, कपूर यांच्या २००७ सालच्या एका कामाचं नावच ‘स्वयंभ’ आहे. लाल मेणाचा अजस्र ठोकळा रुळांवरून इतका सावकाश सरकतो, की चटकन लक्षातही येत नाही. दारांच्या कमानींतून जाताना तो खरवडला जातो, आणि त्या कमानीच त्याला आकार देतात. ते पान मी कितीतरी वेळ उघडं ठेवून बसलो होतो.

[दृश्य: पुन्हा कारखाना. रात्र. एकच दिवा.]

शनिवारी घरी आलो. माघी गणपतींचं काम चालू होतं. काकांना सगळं सांगितलं. तोफ, बार, भिंत. ते हसतील अशी भीती होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

मग विचारलं, ‘‘खाली पडलेलं मेण उचलतात का रे?’’

‘‘नाही. तसंच ठेवतात.’’

आमच्याकडे जमिनीवर सांडलेली माती गोळा करून पुन्हा भिजत घालतात. काकांनी खाली पाहिलं. पाटाभोवती शाडूचे चुरे पडले होते. त्या रात्री त्यांनी ते झाडले नाहीत.