सावाहलुंतो : भुयारावरचं शहर

छताकडे बघा. पाणी अजून पाझरतंय. 1898 मध्ये खोदलेलं 'म्बाह सुरो' भुयार याच पाण्यापायी बंद पडलं होतं. भिंतीवर चमकतोय तो कोळसा. सगळा काढून झालाच नाही.

हे सावाहलुंतो. इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या डोंगरातलं. द ग्रेव्ह या डच अभियंत्याला ओंबिलिन नदीच्या परिसरात कोळसा सापडला आणि डच सरकारने इथे शहरच वसवलं. कोळसा पाडांगच्या बंदरावर न्यायला 155 किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. चढ असा उभा, की काही ठिकाणी रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवावी लागली. समोरचं काळंकुट्ट इंजिन, 'माक इताम', त्याच मार्गावरचं.

अभियंत्यांचं कौतुक सगळेच करतात. खोदलं कोणी? इथल्याच मिनांगकाबाऊ समाजाच्या मजुरांनी, जावाहून आणि चीनमधून करारावर आणलेल्यांनी, आणि कैद्यांनी. कैद्यांना लोक 'ओरांग रांताई' म्हणत, साखळदंडाची माणसं. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. कबरींवरही नंबरच.

आता हे स्वयंपाकघर, 1918 चं. शेजारी कोळसा पेटवून बॉयलरमध्ये वाफ करायची, ती नळांतून इथवर आणायची आणि तिच्यावर हे हंडे तापवायचे. एकट्याच्या कवेत यातला एक हंडा मावत नाही. हजारो माणसांचा भात रोज इथे शिजे. दिवसभर ज्या कोळशाशी झुंजायचं, त्याच्याच वाफेवरचं जेवण रात्री पुढ्यात यायचं.

विसावं शतक सरता सरता खाणकाम आटलं, कामगार पांगले, शहराला अवकळा आली. 2001 मध्ये सावाहलुंतोने खाण-पर्यटनाची वाट धरली. स्वयंपाकघराचं संग्रहालय झालं. भुयारात दिवे लागले. शहरालगतच्या कांदी भागात खाणीच्या खड्ड्यांची तळी झाली, जवळच प्राणिसंग्रहालय आलं. 2019 मध्ये खाण, शहर, लोहमार्ग आणि बंदरातली कोठारं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

बराकींत इतक्या मुलखांची माणसं कोंबली होती, की मिनांग, जावानीज, डच असं सगळं कालवून एक नवीच बोली तयार झाली, 'तांसी'. मुकादमाचा हुकूम कळायला आणि त्याच्यामागे त्याला शिव्या घालायला ती पुरेशी होती. संग्रहालयातली यंत्रं बघून झाली, की शहरातल्या म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोला. ती बोली तिथेच ऐकायला मिळते.