वाफेतली वीस मिनिटं

[दृश्य: विश्रामबाग, सांगली-मिरज रस्ता. संध्याकाळचे साडेसात. गाळ्याबाहेर लागलेल्या दुचाक्या.]

दहा बाय बाराचा गाळा. आत तीन टेबलं, बाहेर पार्सलसाठी थांबलेली माणसं. फळ्यावर वरच्या ओळीत मंचुरियन आणि शेजवान राईस, कारण भाडं त्यांच्यावरच निघतं. त्याखाली थाय पदार्थ: ग्रीन करी, यलो करी, पॅड थाय म्हणजे परतलेल्या नूडल्स, आणि टॉम यम सूप. बसून खाणारे थोडेच. बाकी सगळं डब्यांतून मिरजेकडे, कुपवाडकडे, माधवनगरकडे जातं. म्हणजे कढईतून उतरल्यावरही वीसएक मिनिटं पदार्थ स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो. कोणाला ही वीस मिनिटं सोसतात हे कळलं, की काय मागवायचं ते आपोआप ठरतं.

[दृश्य: चिरफळीवर गवती चहाचे बुंधे.]

करीला सोसतात. ग्रीन करीच्या वाटणात हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळं, गलांगल आणि गवती चहा. हा गवती चहा आपल्या परसातलाच. पण चहात आपण पात टाकतो, वाटणाला लागतो मुळाजवळचा पांढरा बुंधा, चारेक बोटांचा. वरची दोन सालं काढून तो आडवा, अगदी पातळ चिरायचा. हे टाळलं तर मिक्सर कितीही फिरवा, दोरे दातांत येतातच. गलांगल आल्याच्याच कुळातलं, पण वास वेगळा. ताजं मिळालं नाही तर काष्ठौषधींच्या दुकानातलं सुकं कोळिंजन चालतं, मात्र ते लाकडासारखं असतं. भिजवल्याशिवाय वाटलं जात नाही. त्याऐवजी आलं घातलं तर निम्मंच घालावं, नाहीतर सगळी करी आल्याची होते.

नारळाचं दूध सोलकढीला काढतो तसंच, दाट वेगळं, पातळ वेगळं. एका प्लेटीला सगळं मिळून पाव लिटर, आणि वाटण दोन मोठे चमचे. आधी दाट दूध कढईत आटवायचं. कडेला तेल सुटलं की त्यात वाटण परतायचं, मिरचीचा ठसका नाकाला लागेपर्यंत. मग पातळ दूध. इथे एक नेहमीची फसगत होते. खोक्यातल्या बऱ्याचशा दुधात ते फाटू नये म्हणून पदार्थ मिसळलेले असतात. त्याला तेल सुटतच नाही. स्वयंपाकी वाट बघत बसतो, दूध करपतं. अशा दुधाला चमचाभर तेलात वाटण आधी परतून घ्यावं हे बरं.

वांगी थायलंडमध्ये छोटी, गोल, हिरवी. इथे कृष्णाकाठची कोवळी वांगी छान चालतात, फक्त चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात पडली पाहिजेत. बेसिलची पानं गॅस बंद केल्यावर. उकळली की काळी पडतात आणि वासही जातो. तरी वाटेत करीचा हिरवा रंग थोडा मळकट होतोच. यलो करीचं तसं होत नाही. तिचा रंग हळदीचा, आणि हळदीसाठी या गावाला कुठे जायला नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पार्सलच न्यायचं असेल तर आमचा कौल यलो करीला.

[दृश्य: मोठ्या आचेवर कढई. नूडल्स परतल्या जातात.]

पॅड थायचं मात्र उलट. १९३०-४० च्या काळात पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने थायलंडमध्ये नूडल्सचा जोरात प्रचार केला, तेव्हापासून हा पदार्थ तिथल्या रस्त्यांवर रुळला. कढईतून थेट ताटलीत, असा त्याचा स्वभाव. तांदळाच्या नूडल्स उकळायच्या नसतात. साध्या पाण्यात तीस-चाळीस मिनिटं भिजवायच्या, वाकतील पण मधे कच्च्या राहतील इतपत. बाकीचं त्या कढईत, सॉसमध्ये शिजतात. सॉस म्हणजे चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि फिश सॉस, साधारण समसमान. ताडगुळाऐवजी आपला गूळ चालतो, पण तो जास्त गोड लागतो. थोडा कमी घ्यावा. एका वेळी दोन प्लेटींपेक्षा जास्त माल घातला की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि नूडल्स परतण्याऐवजी लगदा होतात. शनिवारी रात्री नऊला गर्दीत पॅड थाय बिघडतं ते बहुधा यामुळे. आणि चांगलं झालेलंही डब्यात गेलं की गोळा होतं. हे टेबलावर बसूनच खावं. न्यायचंच असेल तर शेंगदाण्याचं कूट, मोड आणि लिंबाची फोड वेगळ्या पुडीत मागा, आणि झाकणाला भोक आहे ना बघा.

टॉम यम पार्सलला ठीक, फक्त लिंबू वेगळं. उकळत्या सुपात पिळलं तर कडवटपणा येतो. सुपातले गवती चहाचे, गलांगलचे तुकडे खायचे नसतात, काढून ठेवायचे.

[दृश्य: काउंटरवर बाटल्या.]

शाकाहारी माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: वाटणात कोळंबीची पेस्ट आहे का, आणि फिश सॉस? मेनूवर हिरवा ठिपका आणि आत टोफू, एवढ्यावर थांबू नये. तयार डब्यातल्या बऱ्याच वाटणांत कोळंबी असते. शाकाहारी करीला इथे वाटण घरचं, आणि खारटपणासाठी मीठ व हलका सोया सॉस. जैन ग्राहकाला मात्र स्पष्ट नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे. कांदा-लसूण काढल्यावर त्या वाटणात उरतं काय?

शेवटी भात. फ्राइड राइसला भात आदल्या दिवशीचा, मोकळा लागतो, ताजा चिकटतो. पण तो रात्रभर ओट्यावर राहिलेला नको. शिजवूनही जिवंत राहणारे काही जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून इथे भात ताटात पसरून गार करतात आणि तास-दीड तासाच्या आत फ्रिजमध्ये जातो. घरी उरलेल्या पार्सलच्या भातालाही हेच लागू. करी उरली तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, ढवळत गरम करायची. फ्राइड राइस तासन्‌तास बाहेर राहिला असेल तर टाकून द्यायचा.