बोर्डाआधी हेल्मेट

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, संध्याकाळची वेळ)

नवा कोरा स्केटबोर्ड आलाय आणि भोवती जमलेल्या प्रत्येकाला 'एकदा मला' हवंय. बोर्डाची चाकं नीट बघा. जेमतेम पाच सेंटिमीटर व्यासाची, कडक. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा एखाद्या खड्यावर ती अडली, की बोर्ड जागीच थांबतो आणि वरचं मूल पुढे फेकलं जातं. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. नवशिक्या घाबरून मागे झुकतो, बोर्ड पायाखालून पुढे सटकतो आणि मूल पाठीवर पडतं. पुढे पडताना निदान हात आपोआप समोर येतात. मागे पडताना हात टेकेपर्यंत डोक्याची मागची बाजू आपटलेली असते.

पडणंसुद्धा शिकावं लागतं. गुडघे वाकवायचे, अंग आखडून घ्यायचं नाही, कुशीवर लोळायचं. मुरलेले स्केटर हे विचार न करता करतात, पहिल्या आठवड्यातल्या मुलाला ते येत नसतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार स्केटबोर्डवर जखमी होणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना शिकायला लागून आठवडाही झालेला नसतो. म्हणून 'आधी जमू दे, मग घेऊ हेल्मेट' हा हिशेबच चुकीचा आहे.

मुलांना मात्र वाटतं, हेल्मेट घातलं की आपण कच्चा लिंबू ठरणार. त्यांना स्काय ब्राउनबद्दल सांगा. जपानमधल्या मियाझाकी इथे जन्मलेली, ब्रिटनकडून खेळणारी ही स्केटबोर्डर मुलगी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सराव करताना उंच रॅम्पवरून खाली कोसळली. तेव्हा ती ११ वर्षांची होती. कवटीला फ्रॅक्चर झालं, डावा हात आणि मनगट मोडलं, हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. हेल्मेटने आणि हाताने जीव वाचवला, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं. पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगच्या 'पार्क' या प्रकाराच्या (खोलगट, वाडग्यासारख्या मैदानावरच्या) अंतिम फेरीत ती पहिल्या दोन्ही रनमध्ये, म्हणजे प्रयत्नांत, पडली. तिसऱ्या रनमध्ये तिने सगळं जमवून आणलं आणि कांस्यपदक घेतलं. वय १३. डोक्यावर हेल्मेट होतंच.

(दृश्य: उभं कापलेलं हेल्मेट, जवळून)

बाहेर पातळ, टणक कवच. आत हा पांढरा किंवा काळा जाड थर दिसतो ना, ते थर्मोकोलच आहे, फक्त पॅकिंगच्या थर्मोकोलपेक्षा कितीतरी घट्ट. डोकं आपटलं की हा थर चिरडतो आणि चिरडताना धक्क्याचा बराच जोर स्वतःवर घेतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं.

विकत घेताना आतलं लेबल वाचा. एएसटीएम एफ १४९२ हे स्केटबोर्डच्या हेल्मेटचं अमेरिकी मानक आहे, ईएन १०७८ हे सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटचं युरोपीय. नुसता मऊ स्पंज आणि मानकाचा पत्ता नाही, असं हेल्मेट कितीही झकास दिसलं तरी दुकानातच राहू दे. बाबांचं स्कूटरचं हेल्मेटही चालणार नाही. ते जड असतं आणि मुलाच्या डोक्यावर गरगर फिरतं.

आता घालायला कसं लावायचं? धाक दाखवून ते फार दिवस टिकत नाही. बोर्ड आणि हेल्मेट एकाच दिवशी घरात येऊ द्या, रंग मुलाला निवडू द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोर काय दिसतं. बिल्डिंगमधला दादा बिनहेल्मेटचा उड्या मारत असेल, तर आईचं कोण ऐकणार? त्या दादालाच विनंती करा. तुमचंही तसंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, तरी क्लासला जाताना मूल मागच्या सीटवर उघड्या डोक्याने बसलेलं असतं. मग बोर्डावर चढताना त्याने आपलं का ऐकावं?

(दृश्य: एका मुलीच्या डोक्यावर हेल्मेट बसवताना)

उंच पोनीटेल आधी सोडा. वेणी खाली, मानेजवळ घाला, नाहीतर हेल्मेट वर उचललं जातं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून मागे नको. दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यायला हवेत. बकल लावल्यावर हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल एवढीच जागा. मग तिला जोरजोरात 'नाही, नाही' अशी मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागाहून नाही.

डोक्याला मार बसला, तर हेल्मेट असलं तरी त्या दिवसाचा खेळ बंद. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं, की लगेच रुग्णालय गाठा. आणि बोर्ड ठेवून मूल घसरगुंडीकडे पळालं, तर हेल्मेट आधी काढून घ्या. खेळण्याच्या दांड्यांत हेल्मेट अडकलं, तर पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.