लंपी, चित्ता आणि प्लेगची सुई

[करवीर तालुका. गोठा, सकाळ. दावणीला गायी, पलीकडे म्हशी. पशुधन पर्यवेक्षकाचे हात, अगदी जवळून.]

बर्फाच्या डब्यातून निघालेली ही बाटली अंगठ्याएवढी आहे. तळाला चिकटलेली पांढरट वडी म्हणजे लंपी या गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाविरुद्ध दिली जाणारी लस. जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू, गोठवून सुकवलेला. शेजारच्या मोठ्या बाटलीत १०० मिली द्रावण आहे. त्यातलं थोडं सिरिंजमध्ये ओढायचं, वडीवर सोडायचं आणि बाटली हळू फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो, फेस आला की मात्रा चुकते. वडी विरघळली की सगळं परत मोठ्या बाटलीत. झाल्या १०० मात्रा. इथून पुढं घाई. मिश्रण बर्फावर ठेवलं तरी दोनेक तासांत संपवायचं असतं.

मानेची कातडी चिमटीत उचलायची, सुई तिरकी घालायची, १ मिली कातडीखाली सोडायची. स्पिरिटनं ओली सुई चालत नाही, कारण लस जिवंत आहे आणि स्पिरिट तिलाही मारतं. उकळून गार केलेली सुई घ्यायची आणि जनावर बदललं की सुई बदलायची. सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच नियम, कारण जनावरं असतात पन्नास आणि डब्यात सुया असतात दहा. आजारी जनावराची सुई धडधाकट जनावराला लागली, तर रोग माणसाच्या हातानं पुढं सरकतो.

आता लेबल बघा. 'गोट पॉक्स'. म्हणजे शेळीची देवी. गाईला शेळीची लस कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो रास्त आहे. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लंपी हे तीन विषाणू सख्ख्या भावांसारखे आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली ताकद दुसऱ्यालाही अडवते. खास लंपीसाठीची देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली आणि ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. पण तेव्हा गावोगाव पुरेल एवढी ती नव्हती. शेळीची होती, म्हणून ती वापरली. सुई टोचायच्या आधी हे सांगायला अर्धा मिनिट लागतो.

बहुतेक ठिकाणी हा अर्धा मिनिट दिला गेला नाही.

[मोबाइलचा पडदा. पुढं ढकललेला संदेश, वर चित्त्याचा फोटो.]

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात आणले गेले. काही आठवड्यांत आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की लंपी नायजेरियातला रोग आहे, चित्तेही तिथलेच आहेत आणि शेतकऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून केंद्र सरकारनं ते मुद्दाम आणले.

नामिबिया कुठं, नायजेरिया कुठं, ते सोडून देऊ. तारखा लावून बघू. लंपीची पहिली नोंद १९२९ ची, आजच्या झांबियातली. भारतात तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओडिशात सापडला. महाराष्ट्रात २०२० मध्ये, गडचिरोलीकडं. २०२२ च्या लाटेत जळगाव जिल्ह्यातली जनावरं ऑगस्टमध्येच गाठींनी भरली होती, आणि चित्ते तेव्हा नामिबियातच होते. शिवाय हा रोग गाईगुरांचा. म्हशीला तो कमी होतो, चित्त्याला होत नाही. त्याची ने-आण करतात डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड.

मग एवढा कच्चा संदेश पक्का कसा झाला? त्यातले सुटे भाग खरे होते म्हणून. चित्ते खरंच आले होते. रोग खरंच आफ्रिकेतला होता. जनावरांचे बाजार खरंच बंद झाले. ऑक्टोबरात इथं गळीत हंगामाची तयारी चालू होते, मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या बैल घेऊन निघतात, आणि नेमकी तेव्हाच गुरांच्या वाहतुकीवर बंदी होती. खरे तुकडे जोडायला एकच खोटा खिळा पुरतो: 'मुद्दाम'. हा शब्द काढून संदेश वाचा, पुढं ढकलण्यासारखं त्यात काही उरत नाही.

दुसरा संदेश याहून चिवट होता: लसीनंच लंपी आला. तो शेतकऱ्यानं डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर उभा होता. मंगळवारी लस दिली आणि पुढच्या सोमवारी गाईच्या अंगावर गाठी आल्या. यात खोटं काहीच नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी उठेपर्यंत एक ते चार आठवडे जाऊ शकतात. लसीची ताकद अंगात यायला तीनेक आठवडे लागतात. लस टोचली त्या दिवशी विषाणू आधीच आत असेल, तर लस त्याला गाठू शकत नाही. शिवाय काही जनावरांना लसीनं टोचल्या जागी सूज येते, एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं. हे आधी सांगितलं तर ती सूचना असते. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते, आणि गावात सारवासारव ओळखायला शिकवावं लागत नाही.

[खड्डा. चुन्याच्या गोण्या. जेसीबी.]

२०२२ च्या साथीत सरकारी मदत होती: दुधाळ जनावर गेलं तर ३०,००० रुपये, ओढकामाचा बैल २५,०००, वासरू १६,०००. पंचनामा असेल तर.

[आषाढ. टेंबलाई टेकडी. पी ढबाक वाजतंय, डोक्यावर कलश.]

पंचगंगेला आलेलं नवं पाणी दरवर्षी आषाढात वाजतगाजत त्र्यंबोली देवीला जातं. हे चित्रण इतकं देखणं झालंय की वगळवलं नाही, पण त्याचं इथं कामही आहे. साथ म्हणजे देवीचा कोप, या समजुतीत लपवाछपवीला जागा नव्हती. देवी रागावली की गावाला कळायचं, आणि तिची समजूत कशी काढायची हेही ठरलेलं असायचं. साथीमागं एखादा माणूस आहे, त्याचा काही बेत आहे आणि तो तो लपवतोय, ही समजूत मराठी मुलखात पसरली ती सव्वाशे वर्षांपूर्वी.

[जुनी छायाचित्रं. मुंबई, प्लेगचा काळ. चाळीला चुना लावणारी माणसं, बंब, सोजीर.]

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. त्या कायद्यानं सरकारला घरात शिरण्याचा, रोगी उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला. पुण्यात हे काम गोऱ्या सोजिरांकडं आलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. तो इतिहास शाळेत शिकवतात. त्याच्या आधीच्या अफवा शिकवत नाहीत.

मुंबईत लोक म्हणत होते की इस्पितळात रोगी बरे करत नाहीत, त्यांना उलटं टांगून डोक्यातून 'मोमियाई' नावाचं औषधी तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, तिचा राग शांत करायला माणसांची काळजं विलायतेला पाठवतात, असंही बोललं गेलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आज ऐकताना हसू येईल. पण त्या कामगारानं काय बघितलं होतं? शेजारी चालत इस्पितळात गेला आणि परत आला नाही. प्रेताचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. जातीच्या माणसांना आत सोडलं नाही.

आणि सरकारला तरी काय ठाऊक होतं? गटारं धुतली, भिंतींना चुना लावला, कार्बोलिक शिंपडलं, बिछाने जाळले. प्लेग उंदराच्या पिसवेतून येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवलं, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर धुतलेल्या घरातले उंदीर शेजारच्या घरात जात होते, पिसवांसकट. कोल्हापूर संस्थानातही प्लेग पोचला. गावं उठून माळावर, झोपड्यांत राहायला गेली. विज्ञान कळण्याआधी केलेला हा उपाय योग्य होता, कारण उंदीर गावातच राहिले.

[काचेचे चंबू. प्रयोगशाळा, आजची.]

त्याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत व्लादिमिर हाफकिन लस बनवत होते. मांसाच्या पातळ रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. थेंब तरंगतात, जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की लोंबलेली वाढ तुटून तळाला बसते आणि वर पुन्हा नवी धरते. असं काही आठवडे चालतं. मग चंबू ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, टिकावं म्हणून थोडं कार्बोलिक घालायचं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, १० मिली, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या तिपटी-चौपटीनं जास्त. पुढं पंजाबात अफवा होती की ही सुई हातभर लांब असते आणि टोचलेल्याला मूल होत नाही.

पंजाबातच ती घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२, मुल्कोवाल गाव. १०७ माणसांना लस दिली, त्यातली १९ धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतली. सरकारनं हाफकिन यांना निलंबित केलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला, हे चौकशीच्या कागदात होतं. तरी प्रयोगशाळेवरचा आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ उजाडलं, तेही लंडनच्या वर्तमानपत्रात रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लिहिल्यावर. पाच वर्षं अफवेला मोकळं रान होतं, कारण उत्तर फायलीत होतं. आज मुंबईची ती संस्था हाफकिन यांच्याच नावानं ओळखली जाते.

[दिल्लीतल्या जुन्या दैनिकांची पानं. मायक्रोफिल्म.]

स्वातंत्र्यानंतर हा संशय संपला असता, तर हा माहितीपट इथंच थांबला असता. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र काढलं. पैसा अमेरिकेचा. नर डास वांझ करून सोडायचे, म्हणजे पैदास घटेल, अशी कल्पना. १९७४ मध्ये वृत्तसंस्थेनं विचारलं की पीतज्वर पसरवणाऱ्या एडिस डासावर प्रयोग कशाला, भारतात तर पीतज्वर नाही. यामागं अमेरिकेच्या जंतूयुद्धाची तयारी आहे का, हा प्रश्न संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला आणि १९७५ मध्ये केंद्र बंद पडलं. जंतूयुद्धाचा पुरावा मिळाला नाही. एडिस डेंग्यूही पसरवतो, हे उत्तर पहिल्याच दिवशी मोठ्यानं द्यायला हवं होतं.

ही जमीन तयार होती, म्हणून पुढचं बी इथंच पेरलं गेलं. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पॅट्रियट' दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत बनवला. लिहिणारा म्हणे अमेरिकी शास्त्रज्ञ. पत्र पेरलं होतं सोव्हिएत गुप्तहेर खात्यानं. दोन वर्षांनी मॉस्कोच्या साप्ताहिकानं 'भारतीय वर्तमानपत्राच्या हवाल्यानं' तेच पुन्हा छापलं आणि ते जगभर गेलं. १९९२ मध्ये रशियन हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी हात असल्याचं मान्य केलं. एचआयव्ही चिंपांझींकडून माणसात आला, कॅमेरूनच्या आग्नेय भागात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा जनुकं जोडायची विद्याच नव्हती. सरकारवर विश्वास नको म्हणणाऱ्यांनी तेव्हा एका सरकारवरचा राग दुसऱ्या सरकारच्या सांगण्यावरून केला. त्यांना ते कळलं नाही.

[शाळेचा वर्ग. विद्यार्थ्याचा दंड, त्यावर नाणी.]

२०२१. कोविडची लस घेतल्यावर अंगाला नाणी-चमचे चिकटतात, असे व्हिडिओ नाशिकपासून सुरू झाले. हा प्रयोग घरी करून बघा. एक रुपयाचं स्टीलचं नाणं घ्या, त्याला चुंबक चिकटतो. जुना तांब्याचा पैसा घ्या, त्याला चिकटत नाही. आता दोन्ही घामट दंडावर दाबा. दोन्ही चिकटतात. म्हणजे चुंबकाचा संबंध नाही, घाम आणि तेलकटपणा धरून ठेवतो. मग दंडाला टाल्कम पावडर चोळा. दोन्ही पडतात. हा विद्यार्थी बघा, पैसा पडल्यावर त्यानं पावडरचा डबा हुंगून बघितला.

कोविड मुळात कुठून आला, याचं उत्तर मात्र पावडरनं मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं जून २०२५ च्या अहवालात लिहिलं की प्राण्यांतून माणसात आल्याचा पुरावा जास्त वजनाचा आहे, पण चीननं मागितलेली माहिती दिली नाही, त्यामुळं प्रयोगशाळेची शक्यता निकालात काढता येत नाही. म्हणजे 'प्रयोगशाळेतून निसटला का' हा प्रश्न विचारणारा वेडा नाही. 'लोकसंख्या घटवायला सोडला' म्हणणाऱ्यानं मात्र 'मुद्दाम'चा खिळा पुन्हा ठोकलाय. या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करणं ही प्रशासनाची जुनी सवय आहे.

[पुन्हा गोठा. कानातला पिवळा टॅग, कार्ड, पेन.]

आता याच गोठ्यात दुसरी पद्धत. पर्यवेक्षक आधी बाटली शेतकऱ्याच्या हातात देतात. शेळीचं नाव का, ते सांगतात. सूज येईल, दूध उतरेल, तीन आठवडे लस लागू होणार नाही, तोवर गोचीड आणि माश्या आवरा, हे सांगतात. लस निरोगी जनावरांनाच, आजारी जनावराला नाही. गावात रोग असेल तर त्याच्या भोवतालच्या पाच किलोमीटरमधली गावं आधी. चार महिन्यांखालचं वासरू या फेरीत नाही. दूध उकळून प्या, लंपी माणसाला होत नाही.

मग कार्डावर चार नोंदी: कानातल्या टॅगचा बारा आकडी क्रमांक, लसीचा बॅच नंबर, मुदतीची तारीख, टोचल्याची तारीख. कार्ड मिळालं नाही, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातली नोंदवही मागा आणि बॅच नंबर स्वतः उतरवून घ्या. त्या बॅचची दुसऱ्या गावात काही तक्रार आली का, हे त्या नंबरावरूनच विचारता येतं.