खळ्यातली बाग

(दृश्य: पहाट. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पारिजातकाचा सडा.)

सिंधुदुर्गातलं घर. दसरा होऊन गेलाय, पाऊस सरलाय. खळं चोपण्याने चोपून नुकतंच सारवलंय. पारिजातक रात्री फुलला आणि आता गळतोय. झाडाकडे कुणी बघत नाही, बघायचं खाली. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ आणि मागे शेणाचा काळपट हिरवा रंग. हीच फुलं पांढऱ्या फरशीवर पडली असती, तर केरसुणी आधी धावली असती. म्हणून पारिजातक लावायचा तर आधी त्याच्याखालची जमीन ठरवा.

(दृश्य: न्हाणीमागचा पाट.)

न्हाणीचं पाणी इथून वाहतं. काठाला अळू, मागे कर्दळ, त्यामागे केळी. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मग डोक्याच्या वर. हा चढ कुणी कागदावर आखलेला नाही. सांडपाणी जिरायला पाणी पिणारी झाडं हवी होती, एवढाच हिशेब. पण अळवाचं मऊ, काळसर पान आणि पलीकडे जांभ्याच्या गडग्यावर उगवलेले बारीक नेचे, ही जोडी बघत राहावी अशी. एकही फूल नाही, तरी.

नर्सरीत आपण नेमकं उलटं करतो. फुललेली कुंडी दिसली की उचलतो. आठवड्यात फुलं जातात आणि उरलेलं वर्ष पानं बघायची असतात, जी घेताना बघितलेलीच नसतात.

पानांचेच रंग हवेत तर क्रोटन आहे. मात्र त्याला ऊन द्या. सावलीत ठेवलेल्या क्रोटनची नवी पानं हिरवीच निघतात आणि नर्सरीवाल्याला उगाच शिव्या बसतात.

(दृश्य: दारातला चाफा.)

खळ्याच्या कोपऱ्यात देवचाफा. थंडी पडली की याची पानं झडतील, उरतील जाड, राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या. पाहुणे विचारतात, झाड मेलं का? मला तर तो तेव्हाच सगळ्यात देखणा वाटतो. मागे चुन्याची कोरी भिंत मात्र हवी. फाटकावर बोगनवेल. तिचे ते गुलाबी कागद म्हणजे पाकळ्या नव्हेतच, रंगलेली पानं. खरं फूल आत, इवलंसं, पांढरट. गंमत म्हणजे चाफा, कर्दळ, गुलबक्षी, बोगनवेल, सगळी मूळची अमेरिका खंडातली. आज त्यांच्याशिवाय कोकणातलं दार ओकंबोकं वाटेल.

फ्लॅटच्या गॅलरीत यातलं काय जमेल? केळ नाही. पण अळू कुंडीत येतं, नेचेही येतात. आधी तिथे खुर्ची टाका आणि दोन-तीन दिवस नुसतं बसा. ऊन सकाळचं येतं की दुपारनंतरचं? तुम्ही स्वतः तिथे कधी असता? संध्याकाळीच घरी येत असाल तर लाल जास्वंद अंधारात काळी दिसेल. मोगरा, अनंत अशी पांढरी फुलंच तेवढी उजेड धरतात, वर वास येतो तो वेगळा.

(दृश्य: पडवी. उन्हं कललेली.)

इथे पडवीच्या पायरीशी गुलबक्षी आहे. दुपारभर मिटलेली. साडेचार वाजलेत. पहिली कळी सुटली, मग शेजारची. आतून कपबशांचा आवाज येतोय.