खणातला कागद

नमस्कार श्रोतेहो.

आज एका गाण्याची गोष्ट. गाण्याचं नाव 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री'. म्हणजे वाघ सुटले तेव्हा. होस्टेलवर असताना एका मित्राने कुठूनतरी भरून आणलेल्या कॅसेटवर मी ते पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजी गाण्यातले उच्चार तेव्हा डोक्यावरून जायचे. नावावरून मला वाटलं, सर्कशीतले वाघ पिंजरा तोडून पळाले असावेत. मित्रही जाणकाराच्या थाटात हो म्हणाला. पुढे कळलं, हे वाघ म्हणजे 'टायगर' रणगाडे. जर्मनांचे, पन्नास टनांहून जड. आणि ते ज्यांच्या अंगावर आले, त्यांत गाणाऱ्याचा बाप होता.

बँड पिंक फ्लॉइड, गाणारा रॉजर वॉटर्स. त्यांची 'द वॉल', म्हणजे भिंत, ही तबकडी तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेली असणार, शाळेतल्या पोरांचा तो कोरस तर लग्नाच्या बँडवाल्यांनाही माहीत आहे. हे गाणं त्याच भिंतीची एक वीट, पण भिंतीत न बसलेली.

आधी तारीख सांगतो, ती लक्षात ठेवा. १८ फेब्रुवारी १९४४. इटलीत रोमच्या दक्षिणेला आंझिओ नावाचं बंदर आहे. २२ जानेवारीला दोस्त राष्ट्रांचं सैन्य तिथे उतरलं. सुरुवातीला विरोध जवळजवळ नव्हताच. पण सेनापती लुकस यांनी पुढे मुसंडी मारण्याऐवजी किनाऱ्यावर ठाण मांडलं आणि तेवढ्या वेळात जर्मनांनी भोवती वेढा आवळला. चर्चिल नंतर म्हणाले, किनाऱ्यावर रानमांजर सोडू अशी आशा होती, हाती आला तो वाळूत रुतलेला देवमासा. बोलणं झकास आहे. फक्त त्या वाळूत रुतलेले लोक चर्चिल नव्हते.

१६ फेब्रुवारीला जर्मनांनी मोठा हल्ला चढवला. दोन दिवसांनी, १८ तारखेला, आप्रिलिया गावाजवळ रॉयल फ्युजिलियर्स या ब्रिटिश पलटणीच्या आठव्या बटालियनचे सेकंड लेफ्टनंट एरिक फ्लेचर वॉटर्स मारले गेले. देह सापडला नाही. मुलगा रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. पाच महिन्यांचा.

हा एरिक मोठा विलक्षण माणूस. शाळामास्तर. आधी म्हणाला, माझा धर्म मला बंदूक हाती घेऊ देत नाही. म्हणून लंडनवर बॉम्ब पडत असताना त्याने रुग्णवाहिका चालवली. पुढे कम्युनिस्ट झाला, मत बदललं, फॅसिझमशी लढायलाच हवं असं ठरवलं आणि आपण होऊन सैन्यात गेला. त्याचा बापही पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, मारला गेला होता. एकाच घरातले दोन बाप दोन युद्धांत गेले.

आता मला आवडतो तो भाग.

मुलगा मोठा झाला. घरात एक खण होता, जुन्या फोटोंचा. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत असे खण उपसले जातात आणि त्यात काय काय निघतं. पोरांनो, आजीचे कागद रद्दीत देऊ नका, हे जाता जाता सांगून ठेवतो. तर गाण्यात सांगितलंय, त्या खणात, फोटोंखाली दडवून ठेवलेली एक गुंडाळी सापडली. सोनेरी नक्षीची. इंग्लंडच्या राजाकडून आलेली. युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी असा कागद जात असे. वर राजचिन्ह, मध्ये छापील मजकूर, की या माणसाने मानवजातीला जुलमातून वाचवण्यासाठी प्राण दिले. खाली मेलेल्याचं नाव. सोबत बकिंगहॅम राजवाड्याची चिठ्ठी, की तुमच्या दुःखात राणी आणि मी सहभागी आहोत.

आणि सही? गाणं म्हणतं, राजाने सही केली ती रबरी शिक्क्याने.

श्रोतेहो, सगळं गाणं या शिक्क्यावर उभं आहे. बाप गेल्याचं दुःख तर आहेच, पण गाण्यातला संताप शिक्क्याचा आहे. हजारो घरी पत्रं पाठवायची, राजा तरी किती सह्या करणार, हे मला समजतं. समजूनही राग येतो. हल्ली कुणी गेलं की व्हॉट्सॲपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं फुलांचं आयतं चित्र येतं ना, एकाच माणसाकडून वर्षात दहा वेळा? मला तो शिक्काच आठवतो. दोन ओळी स्वतःच्या लिहा हो. चुकल्या तरी चालतील.

तर गाणं. वॉटर्सने ते 'द वॉल'साठी पुढे केलं. बँडमधल्या इतरांचं म्हणणं पडलं, हे फार खाजगी आहे. १९७९ची ती तबकडी या गाण्याविनाच निघाली. मग ॲलन पार्करने 'द वॉल'वर चित्रपट केला, त्यात ते दोन तुकड्यांत आलं. पडद्यावरही एक लहान मुलगा खण उघडतो, बापाचा गणवेश अंगावर चढवून पाहतो. २६ जुलै १९८२ला गाणं सुटं प्रसिद्ध झालं. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातली फॉकलंड बेटांची लढाई संपून जेमतेम सहा आठवडे झाले होते. वेष्टनावर छापलं होतं, 'द फायनल कट' या तबकडीतून. पुढच्या वर्षी ती तबकडी आली, एरिक फ्लेचर वॉटर्स यांनाच अर्पण केलेली, आणि तिच्यात हे गाणं नव्हतंच! ते आत आलं २००४च्या नव्या आवृत्तीत. ज्या बापावर गाणं, त्याला अर्पण केलेल्या तबकडीत शिरायला गाण्याला एकवीस वर्षं लागली.

गिटारचा तुकडा किती मिनिटांचा, यावरून पिंक फ्लॉइडची गाणी मोजणारे लोक असतात. त्यांना इथे काही मिळणार नाही. वेल्समधलं पाँटर्डुलाइसचं पुरुषांचं समूहगान, खाली वाद्यवृंद, आणि वॉटर्सचा आवाज, आधी अगदी सपाट, मग फाटत गेलेला. बस.

खणाची गोष्ट इथे संपत नाही. बाप नेमका कुठे पडला, हे मुलाला माहीत नव्हतं. ते शोधून काढलं हॅरी शिंडलर नावाच्या म्हाताऱ्याने. हे स्वतः आंझिओला लढलेले, पुढे इटलीतच राहिलेले. बेपत्ता सैनिकांचा माग काढणं हेच त्यांनी काम करून घेतलं होतं. युद्धातली कागदपत्रं धुंडाळून त्यांनी आप्रिलियाजवळची जागा काढली. १८ फेब्रुवारी २०१४. तीच तारीख, सत्तर वर्षांनी. तिथे स्मारकाचा दगड बसवला गेला. सत्तर वर्षांचा मुलगा आणि ब्याण्णव वर्षांचा सैनिक शेजारी शेजारी उभे होते. राजाने शिक्का मारून जे मिटवलं होतं, ते एका निवृत्त शिपायाने स्वतः खपून उघडलं. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिशांचा मतदानाचा हक्क पंधरा वर्षांनी जायचा, त्याविरुद्धही हे गृहस्थ वर्षानुवर्षं भांडले. कायदा २०२२ साली बदलला, ते २०२३मध्ये गेले, एकशे एकाव्या वर्षी. आपल्याकडे मतदानाच्या सुट्टीला जोडून लोक महाबळेश्वरला जातात, ते असो.

आणखी एक. एरिक वॉटर्स यांचं नाव इटलीतल्या कसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे, कारण त्यांना कबर नाही. त्याच स्मारकावर एक नाव आहे नाईक यशवंत घाडगे यांचं. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. १० जुलै १९४४ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतले जवळजवळ सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले. वय बावीस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. येत्या खेपेला कोकणात उतराल तेव्हा चहाला थांबून पाहून या.

गाणं आता लावतोय. तीन मिनिटांचं आहे. सुरुवातीला आवाज अगदी बारीक असतो, तेव्हा रेडिओ बिघडला समजून कान पिळू नका.